घड्याळ लावण्याआधी चूक लिहून ठेवा



आधी एक कोडे सोडवा. समजा, जुलै महिना आहे आणि सह्याद्रीत मुसळधार पाऊस चालू आहे. भंडारदऱ्याच्या धरणातून दुपारी ४ वाजता पाणी सोडल्याची नोंद आहे. हे पाणी प्रवरेतून खाली निळवंड्याकडे येते. वाटेत एका पुलापाशी पाण्याची उंची मोजणारे यंत्र बसवले आहे अशी कल्पना करा. त्या यंत्राला जोडलेल्या संगणकात पाणी चढल्याची नोंद सापडते, ती मात्र ३ वाजून ५० मिनिटांची! म्हणजे पाणी सोडण्याच्या १० मिनिटे आधीच ते पुलापाशी पोचले.

असे होणे शक्य नाही हे तुम्ही लगेच सांगाल. आधी कारण, मग कार्य. निसर्गाचा हा क्रम उलटत नाही. तेव्हा दोनपैकी एक घड्याळ चुकले असले पाहिजे, कदाचित दोन्ही. पण कोणते आणि कितीने? पाण्याला पुलापर्यंत यायला किती वेळ लागला हे कळले, तर पुढच्या वेळी नदीकाठच्या लोकांना किती आधी इशारा द्यायचा ते ठरवता येईल. त्यासाठी घड्याळातली चूक नेमकी कळायला हवी.

आता समजा, एका दक्ष माणसाने त्याच संध्याकाळी पुलाजवळच्या संगणकाचे घड्याळ चुकलेले पाहिले आणि ते ताबडतोब बरोबर लावून टाकले. त्याने काम चांगले केले असे आपण म्हणू. पण आधी ते कितीने चुकले होते हे त्याने कुठेच लिहिले नाही. झाले! आता ४ वाजताच्या पुराची खरी वेळ शोधून काढण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. चूक दुरुस्त झाली, पण चुकीचा पुरावाही तिच्याबरोबर पुसला गेला.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की संगणकाचे घड्याळ चुकलेले दिसले तर त्याला हात लावण्याआधी फरक लिहून ठेवावा आणि त्या फरकावरून चुकीचे कारण शोधावे. घड्याळ लावण्याचे काम त्यानंतरचे. शाळाशाळांतून आता संगणक आले आहेत, दुकानांत आणि चौकांत कॅमेरे आले आहेत, शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरले जातात. अशा वेळी ही सवय शाळेतच लागली पाहिजे.

कोणती वेळ?

‘आता किती वाजले?’ या प्रश्नाचे उत्तर अर्धवट असू शकते, हे मुंबईकरांना शंभर वर्षांपूर्वी चांगले ठाऊक होते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; म्हणजे १ अंश रेखांशाला ४ मिनिटे. पूर्वेकडच्या गावी सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडच्या गावी नंतर. त्यामुळे पूर्वी प्रत्येक गावाची वेळ निराळी असे. बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला याची अडचण नव्हती. रेल्वे आणि तारायंत्र आले तेव्हा मात्र अडचण उभी राहिली. मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मध्ये येई, म्हणून रेल्वेने ती आपली मानली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटांनी पुढे होती.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबई शहरातही मद्रास वेळ चालवण्याचा प्रयत्न केला. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय ज्यांच्या नावाचे, तेच हे गव्हर्नर. लोकांनी याला जोराचा विरोध केला आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. पुन्हा विरोध झाला. काही गिरणी कामगारांनी काम बंद केले. मुंबई महानगरपालिकेने तर आपली जुनी ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली! एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. शिवाय १९४२ ते १९४५ या युद्धकाळात देशातली घड्याळे प्रमाणवेळेच्याही १ तास पुढे केलेली होती.

आता पहा, १९४३ साली मुंबईत जन्मलेल्या एखाद्या आजोबांच्या टिपणात ‘जन्म सकाळी ८ वाजता’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते कोणते ८? युद्धकाळातले ८ म्हणजे प्रमाणवेळेचे ७. ‘मुंबई टाइम’चे ८ म्हणजे प्रमाणवेळेचे ८ वाजून ३९ मिनिटे. दोन्हींत १ तास ३९ मिनिटांचे अंतर! टिपण लिहिणाऱ्याचे घड्याळ अगदी बरोबर चालत असले, तरी हा घोटाळा उरतोच, कारण कोणती वेळ हे त्याने लिहिले नाही.

आपल्या राजूरचेच पहा. राजूरचा रेखांश सुमारे ७३.९ अंश पूर्व. प्रमाणवेळेचा रेखांश ८२.५ अंश. फरक ८.६ अंशांचा, त्याला ४ ने गुणले की ३४ मिनिटांहून थोडे अधिक होतात. म्हणजे राजूरच्या स्थानिक वेळेने दुपारचे १२ वाजतात, तेव्हा आपल्या मनगटावर १२ वाजून ३४ मिनिटे झालेली असतात. इथे घड्याळ बिघडलेले नाही. फरक आहे तो वेळ मोजण्याच्या ठरलेल्या संकेताचा.

तेव्हा घड्याळातला फरक दोन प्रकारचा असतो. एक घड्याळाच्या चालीतला, दुसरा संकेतातला. चालीतला दोष यंत्राचा. संकेतातला दोष माणसाचा. दोन्हींवरचे उपाय वेगळे. संगणकातही हेच दोन प्रकार दिसतात.

संगणकाच्या पोटातले घड्याळ

संगणक बंद केला, भिंतीवरचे बटणही बंद केले, तरी दुसऱ्या दिवशी तो बरोबर तारीख दाखवतो. हे कसे? त्याच्या मुख्य पट्टीवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी ३ व्होल्टची एक बटण-बॅटरी असते. बहुतेक संगणकांत तिचा क्रमांक २०३२ असतो; त्याचा अर्थ व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. या बॅटरीवर क्वार्ट्झ स्फटिकाचे एक छोटे घड्याळ सतत चालू राहते.

हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच आकडा का? २ ला २ ने गुणत चला. १५ वेळा २ घेतले की गुणाकार ३२,७६८ येतो. उलट दिशेने, विद्युत्‌मंडल ही कंपने १५ वेळा निम्मी करते आणि शेवटी सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. मनगटी घड्याळातही हाच स्फटिक असतो.

स्फटिक कितीही चांगला असला तरी थोडा चुकतोच. साधारण स्फटिकात दर १० लाख ठोक्यांमागे २० ठोक्यांची चूक होऊ शकते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यावरून चूक निघते दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंद. यातली एक गंमत पाहा. हे स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने कंप पावतात. त्याहून तापले तरी घड्याळ मागे पडते आणि त्याहून गारठले तरी मागेच पडते! आपल्याकडची जानेवारीतली थंडी आणि मेमधले पत्र्याखालचे ऊन, दोन्ही घड्याळाला मागेच ओढतात. तापमान २५ पासून २० अंशांनी दूर गेले की चालीत दिवसाला सुमारे १.२ सेकंदाची घट पडते.

संगणक सुरू होतो तेव्हा या छोट्या घड्याळाची वेळ वाचतो आणि पुढे स्वतःची मोजणी ठेवतो. इथेच संकेताचा प्रश्न येतो. छोट्या घड्याळात कोणती वेळ ठेवायची? विंडोज ही कार्यप्रणाली तिथे स्थानिक वेळ, म्हणजे आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ, आहे असे धरते. लिनक्स ही कार्यप्रणाली तिथे जागतिक वेळ, जिला यूटीसी म्हणतात, ती आहे असे धरते आणि पडद्यावर दाखवताना तिच्यात साडेपाच तास मिळवते. घड्याळ एकच, पण वाचणारे दोघे आणि दोघांचे संकेत निराळे!

फरकच कारण सांगतो

डॉक्टर ताप नुसता ‘आहे’ असे लिहीत नाहीत. किती अंश, कधी चढतो, कधी उतरतो हे पाहतात. संगणकाच्या घड्याळाचेही तसेच करा. फरक किती आहे ते मोजा आणि मग पुढील गोष्टी ताडून पहा.

१. फरक काही सेकंदांचा किंवा थोड्या मिनिटांचा आहे आणि रोज थोडा थोडा वाढतो: ही स्फटिकाची चाल. घड्याळ महाजालावरच्या अचूक घड्याळाशी जुळवून घेण्याची सोय बंद असणार. ती चालू करावी.

२. फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा आहे, ना सेकंद कमी ना जास्त: हा संकेताचा घोटाळा. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत तिथे हे हमखास होते. लिनक्सने छोट्या घड्याळात जागतिक वेळ ठेवली की विंडोज साडेपाच तास मागे दिसते. विंडोजने प्रमाणवेळ ठेवली की लिनक्स साडेपाच तास पुढे पळते. एकात बरोबर लावावे तर दुसऱ्यात चुकते, असा हा खेळ कितीही दिवस चालतो. उपाय एकच: दोघांनाही एकच संकेत पाळायला सांगणे. तशी सोय दोन्हींत आहे.

३. फरक १३ तास ३० मिनिटांचा किंवा १२ तास ३० मिनिटांचा आहे: संगणकाला आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहोत असे वाटते आहे. तिथली वेळ हिवाळ्यात जागतिक वेळेच्या ८ तास मागे असते, उन्हाळ्यात ७ तास. वेळेचा पट्टा निवडायचा राहून गेला की असे होते. यादीत ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हा पट्टा निवडावा. काही संगणकांत भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ एवढेच नाव असते. घाबरू नये, ते आपलेच आहे.

४. तारीखच काही वर्षे मागे गेली आहे आणि संगणक दर वेळी बंद करून चालू केला की पुन्हा तसेच होते: बटण-बॅटरी संपली. ती बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. अनेक संगणकप्रणालींची काळगणना १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून सुरू होते. त्यामुळे वेळ विसरलेले यंत्र पुष्कळदा ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ असे दाखवते. ते साडेपाच कुठून आले हे आता तुम्हीच सांगू शकाल.

पाहिलेत ना? फरक न मोजता कोणी नुसते घड्याळ लावत बसला, तर चारही दोष त्याला सारखेच दिसतील. चौथ्या प्रकारात तर तो रोज सकाळी घड्याळ लावत राहील.

आणखी एक सावधगिरी. पुढे गेलेले घड्याळ एकदम मागे घेऊ नये, विशेषतः नोंदी चालू असताना. १० वाजून ५ मिनिटांचे घड्याळ १० वर आणले, तर ती ५ मिनिटे नोंदीत दोनदा येतात आणि आधीचे काम नंतरचे दिसू लागते. म्हणून चांगल्या प्रणाली लहान फरक असला तर घड्याळ मागे न ढकलता त्याची चाल किंचित मंद करतात आणि हळूहळू बरोबर वेळेवर आणतात.

खरी वेळ कोणाकडून घ्यावी?

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. तिथे सीझियमची अणुघड्याळे आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूवरून केली जाते: त्याच्या एका ठराविक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे १ सेकंद.

पण दिल्लीची वेळ राजूरच्या संगणकाला सांगायची, तर निरोप यायलाही वेळ लागणारच. निरोप पोचेपर्यंत ती वेळ शिळी होते. यावर अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास एक सुंदर पद्धत प्रचारात आणली. ती इतकी सोपी आहे की तुम्ही कागदावर करून पाहू शकता.

समजा, आपल्या संगणकाने त्याच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ०.००० सेकंदाला ‘किती वाजले?’ असे विचारले. तिकडच्या घड्याळाप्रमाणे तो प्रश्न १० वाजून ५.१०० सेकंदांना पोचला आणि ५.११० सेकंदांना उत्तर निघाले. आपल्या घड्याळाप्रमाणे उत्तर ०.२१० सेकंदाला हाती आले. जातानाचा फरक ५.१०० सेकंद. येतानाचा फरक, म्हणजे ५.११० वजा ०.२१०, ४.९०० सेकंद. पहिल्यात घड्याळाच्या चुकीत प्रवासाचा वेळ मिळवला गेला आहे, दुसऱ्यात तो वजा झाला आहे. दोन्हींची सरासरी घेतली की प्रवासाचा वेळ उडून जातो! उत्तर ५.००० सेकंद. आपले घड्याळ नेमके इतके मागे आहे.

यात एक गृहीत मात्र आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. एस.टी. चढाला हळू आणि उताराला वेगाने येत असेल, तर हे गणित तितके चुकेल. संगणकाच्या जाळ्यातही तसे घडते. म्हणून एकदा विचारून न थांबता संगणक पुन्हा पुन्हा विचारतो आणि ज्या खेपेला कमीत कमी वेळ लागला तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

‘मोबाइल आपोआप वेळ लावतो की!’

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, आता हे सगळे आपोआप होते, मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेप योग्य आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, आपोआप वेळ लावण्यासाठी जाळ्याशी संपर्क हवा. डोंगरी भागात तो पावसाळ्यात कित्येकदा तुटतो. दुकानांतल्या कॅमेऱ्यांना तर पुष्कळ ठिकाणी महाजाल जोडलेलेच नसते. चोरीच्या तपासात अशा कॅमेऱ्याची वेळ पुराव्यात येते, आणि ती कितीने चुकलेली होती हे लिहिलेले नसेल तर निरपराध माणूसही संशयात सापडू शकतो.

दुसरी गोष्ट, आपोआप लागते ती जागतिक वेळ. कोणता पट्टा दाखवायचा हे पुष्कळदा माणूसच ठरवतो. पट्टा चुकला तर अणुघड्याळाला जोडूनही पडद्यावर चुकीचीच वेळ दिसेल.

तिसरी गोष्ट तुमच्याच वयाची. खेळातल्या पुढच्या फेऱ्या लवकर मिळाव्यात म्हणून काही मुले मोबाइलची तारीख मुद्दाम पुढे करतात. मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतात आणि चुकीच्या तारखेला ती बाद ठरतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असावा आणि पान उघडू नये, यात दोष जाळ्याचा नसतो.

या विषयाचे महत्त्व सरकारनेही ओळखले आहे. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०२२ साली संस्थांना आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळती ठेवण्याचे निर्देश दिले. एखादी लबाडी शोधायची तर दहा संगणकांच्या नोंदी एका क्रमाने लावाव्या लागतात, आणि घड्याळे जुळत नसतील तर क्रम लागत नाही.

शाळेत काय करावे?

माझी सूचना साधी आहे आणि तिला एका वहीपलीकडे खर्च नाही. प्रत्येक शाळेच्या संगणक-खोलीत एक ‘घड्याळ-वही’ असावी. दर सोमवारी दोन विद्यार्थ्यांनी प्रत्येक संगणकाची वेळ खात्रीच्या वेळेशी ताडून पाहावी आणि चार रकाने भरावेत: संगणकाने दाखवलेली वेळ, खरी वेळ, फरक, आणि शेवटी केलेला उपाय. घड्याळ पुढे असेल तर अधिक चिन्ह, मागे असेल तर उणे. वेळेपुढे ‘भा. प्र. वे.’ म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, किंवा ‘यूटीसी’, असे न चुकता लिहावे. चार-पाच महिन्यांनी फरकाचा आलेख काढा. थंडीत आणि उन्हाळ्यात एखादे घड्याळ खरेच मागे पडते का, हे तुम्हाला स्वतःच्या आकड्यांवरून सांगता येईल.

जाळे बंद असताना खात्रीची वेळ कुठून आणायची, याचेही उत्तर आपल्या अंगणात आहे. सपाट जागी एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा. दुपारी दर ५ मिनिटांनी सावलीचे टोक खुणा करून घ्या आणि सर्वांत आखूड सावली कधी पडली ते पहा. हा प्रयोग २५ डिसेंबरच्या आसपास करावा. तेव्हा आकाश निरभ्र असते, आणि सूर्याची वेळ व सरासरी स्थानिक वेळ जवळजवळ जुळतात. राजूरला ही सावली १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास सर्वांत आखूड पडली पाहिजे. इतर दिवशी यात फरक पडतो: फेब्रुवारीच्या मध्यात ती सुमारे १४ मिनिटे उशिरा, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटे लवकर आखूड होते. काठीने सेकंद कळणार नाहीत. पण साडेपाच तासांची चूक असेल, तर ती काठीपुढे क्षणभरही टिकणार नाही.

तुमच्या गावाचा रेखांश नकाशात पहा, तो ८२.५ मधून वजा करा आणि ४ ने गुणा. येणारा आकडा घड्याळ-वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि येत्या सोमवारी पहिली नोंद करा.